नाव सांगायची सभा

आमच्या वडिलांनी, म्हणजे भाऊसोंनी, माझं नाव प्रसेनजीत ठेवलं. बुद्धाच्या काळातला कोसल देशाचा राजा. कसबा बावड्यात आमच्या गल्लीत तेव्हा सगळी पोरं बाळ्या, पिंट्या नाहीतर संज्या होती. भाऊसोंना वाटलं, आपलं पोरगं तरी राजासारखं जगावं. हेतू चांगलाच होता. फक्त हे नाव ज्याला जन्मभर सांगायचं होतं त्याच्या तोंडातून 'प' बाहेर पडणार नाही, हे त्यांना पाळण्यात कळायला मार्ग नव्हता. त्यात 'प्र' म्हणजे जोडाक्षर. माझे ओठ तिथं मिटले की मिटलेच. भाऊसो गेले, नाव राहिलं.

मी तोतरा आहे. लोक 'जरासं अडखळतो' असं म्हणतात, पण उगाच साखर पेरण्यात अर्थ नाही. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी उसाचा रस तपासतो. रस प्रश्न विचारत नाही, म्हणून ती नोकरी टिकली. गंमत अशी की विहारात सगळ्यांबरोबर वंदना म्हणताना मी एका अक्षराला अडत नाही. एवढ्या माणसांच्या आवाजात माझा आवाज कसा सुरळीत चालतो. वंदना संपली आणि कुणी वळून "काय, बरं हाय न्हवं?" विचारलं की पुन्हा दातखीळ. एका डॉक्टरांना याचं कारण चिठ्ठीवर लिहून विचारलं, तर त्यांनी टॉनिक दिलं.

मला स्थळं यायची ती नोकरीमुळं, आणि जायची ती तोंडामुळं. दोन हजार दोन साली इचलकरंजीला एका घरी मुलीच्या मामांनी विचारलं, "नाव काय म्हणायचं, पावणं?" मी अडकलो. मामा दयाळू माणूस, त्यांना माझे हाल बघवेनात. "प्रकाश?" ते म्हणाले. मी मान हलवली. चुकीच्या शब्दाला हो का म्हणालास, हे तोतऱ्या माणसाला विचारू नये. बुडत्याला काडीचा आधार असतो, ती कुठल्या झाडाची हे तो बघत नाही. अर्धा तास मी प्रकाश होतो. मग माझी आई म्हणाली, "प्रसेनजीत, च्या निवतोय की." मामांनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडं नीट बघितलं. माझी आई यल्लव्वा निपाणीकडची, तिला मी अव्वा म्हणतो. एरवी ती कुणाचं ऐकून घेणारी नाही, पण त्या दिवशी परतीच्या एसटीत ती बावडा येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली.

त्याच आठवड्यात मी राजारामपुरीतल्या मीनाक्षीवहिनींच्या नेट कॅफेत गेलो. वहिनींचा पूर्वी एसटीडी बूथ होता. त्याच काचेच्या खोक्यात आता त्यांनी कॉम्प्युटर ठेवले होते. बूथ होता तेव्हा मी त्या बाजूच्या फुटपाथवरूनसुद्धा जात नव्हतो. वहिनी दिवसभर बोलतात, पण समोरच्यानं उत्तर दिलंच पाहिजे अशी त्यांची अट नसते. म्हणून ते दुकान मला आवडायला लागलं. तिथं एका संध्याकाळी तोतरेपणावर काही औषध मिळतं का म्हणून शोधत बसलो होतो. औषध मिळालं नाही, माणसं मिळाली.

एका मोठ्या परदेशी कंपनीच्या साइटवर कुणालाही फुकटात आपला ग्रुप काढता यायचा. पुण्याच्या एका इंजिनिअरनं तिथं आमच्यासारख्यांचा ग्रुप काढला होता. नाव 'अडखळ'. महाराष्ट्रभरची चाळीसेक माणसं, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची. खरं नाव कुणी सांगायचं नाही. ज्या अक्षरावर गाडी अडते तेच आपलं नाव. मी 'प' झालो. पुण्याचा तो 'स'. मलकापुरात शाळेत शिकवणाऱ्या बाई होत्या, त्या 'क'. आणि सांगलीकडचा एक बँकेतला माणूस होता, 'ब'. तो फार बारीक विनोद करायचा. एकदा त्यानं लिहिलं, "आज गिऱ्हाइकाला 'बॅलन्स' म्हणायचं होतं. ते म्हणेपर्यंत त्यानं पैसे काढून खातं रिकामं केलं." मी कॅफेत एकटाच मोठ्यानं हसलो. वहिनी उठून बघायला आल्या.

आणखी एक नियम होता, फोन नंबर मागायचा नाही आणि द्यायचा नाही. बाहेरच्या माणसाला हा नियम विचित्र वाटेल. पण आमच्यातल्या कुणालाही विचारा, वाघ परवडला, फोन नको. फोनवर चेहरा दिसत नाही, हात दिसत नाहीत. समोरचा दोनदा "हॅलो, हॅलो" म्हणतो आणि ठेवून देतो. 'स'नं तर आणखी काळजी घेतली होती. कुणाच्या मेलमध्ये काही जाऊ द्यायचं नाही, कारण कुणाचं लग्न ठरायचं होतं, कुणाच्या घरच्यांना ठाऊक नव्हतं. जे काय वाचायचं-लिहायचं ते त्या पानावर जाऊन. कुणाचा मेलपत्ता कुणाला दिसत नव्हता. 'स'ला तेवढे दिसायचे, पण तेही त्याच पानावर. आम्हाला हे फार सुरक्षित वाटायचं. घराला एकच दार, आणि तेही आपण नीट लावून घेतलेलं, असं आम्ही समजत होतो.

वर्षभर मी रोज कारखान्यातून सुटलो की तिकडं जायचो. अव्वाला संशय होता की मी पोरींशी गप्पा मारतो. तिला वाईट वाटत नव्हतं, उलट आशा वाटत होती.

पुढच्या पावसाळ्यात 'क'बाईंनी लिहिलं, "एकदा सगळे भेटू या. भाषणं नकोत, खेळ नकोत. प्रत्येकानं उभं राहून फक्त आपलं खरं नाव सांगायचं. कितीही वेळ लागू दे. मधे कुणी शब्द पुरवायचा नाही."

मी ते तीनदा वाचलं. मला चौतीस वर्षांत माझं नाव कुणी पुरं करू दिलं नव्हतं. शाळेत मास्तरांनी पुरं केलं, बाजारात दुकानदारांनी, घरी अव्वानं. सगळ्यांनी मायेनंच केलं. पण तोंड उघडायचं आणि दुसऱ्यानं आपलं नाव आपल्या पुढ्यातून उचलून न्यायचं, हे किती एकटं पाडतं ते ज्याचं त्याला माहीत. मला त्या सभेला जायचं होतं. आयुष्यात दुसरं काही इतकं हवं असल्याचं मला आठवत नाही.

जागा पन्हाळा ठरली, कारण येणाऱ्यांतल्या बहुतेकांना बरी पडत होती. सप्टेंबरातला शेवटचा रविवारही ठरला. हॉल बघायचं काम माझ्याकडं आलं. "गावाचं नाव 'प'नं सुरू होतंय, तेव्हा 'प'नंच बघावं," असं 'ब'नं लिहिलं होतं. एसटीत कंडक्टरनं विचारलं, "कुठं, पावणं?" मी म्हणालो, "गडावर." पन्हाळा म्हणायला गेलो असतो तर वाटेतलं वाघबीळ आलं असतं.

गडावर एका लॉजच्या वरच्या मजल्यावर हॉल होता. तिथला मॅनेजर जोतीराम नावाचा, मिशीवाला. मी चिठ्ठी पुढं केली. त्यावर सभा, चाळीस माणसं, तारीख, सगळं लिहिलं होतं.

"सभा?" तो म्हणाला. "कुठल्या पक्षाची?"

मी मान हलवून नाही म्हणालो.

"मग मंडळाचं नाव काय? आन भाषणं किती तास चालणार? मला खालच्या गिऱ्हाइकाला सांगाय पायजे."

मी चिठ्ठीच्या मागं लिहिलं, 'भाषणं नाहीत. नाव सांगायचा कार्यक्रम. दिवसभर.'

जोतीरामनं ते दोनदा वाचलं. "चाळीस माणसांची नावं सांगायला दिवस लागतुया?" तो म्हणाला. मग त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं, आणि त्याला काहीतरी उमगलं असावं. चहाचं मी बघतो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सोमवार. मी ऐटीत कॅफेत गेलो. लॉजचं नाव, वेळ आणि स्टँडवरून कसं यायचं हे पानावर टाकायचं होतं. सगळे त्याचीच वाट बघत होते. पान उघडेना. पुन्हा केलं. दुसऱ्या कॉम्प्युटरवर गेलो. बाकीचं सगळं उघडत होतं, बातम्या, क्रिकेट, रेल्वे. आमचंच पान तेवढं पांढरं.

मंगळवारी वहिनींनी पेपर दाखवला. "अहो भाऊ, हे वाचलं का? लांब कुठं तरी कुणाचा एक ग्रुप हाय, सरकारला खटकला. तो तेवढा बंद करा म्हणून हुकूम निघाला. पण लाइनवाल्या कंपन्यांना तेवढा एकच बंद करता येईना. मग त्यांनी सगळेच केले. आख्ख्या देशातले."

"आ... आ..."

वहिनी थांबल्या. त्या बोलक्या होत्या, पण मला मधे तोडत नसत. आम्ही काय केलं, असं मला विचारायचं होतं. शेवटी मी नुसता पांढऱ्या पडद्याकडं हात केला.

"तुमचं काही न्हाय हो," त्या म्हणाल्या. "पण सगळ्या ग्रुपांचा पत्ता एकच. अपार्टमेंटमधल्या एका भाडेकरूवर जप्ती आली आन पोलिसांना त्याची खोलीच सापडंना, तर काय करतील? मेन गेटला कुलूप."

मला रागानं घाम फुटला. आम्ही कोण? चाळीस तोतरी माणसं. सरकारविरुद्ध घोषणा द्यायची ठरवली असती तरी पहिल्या अक्षराला संध्याकाळ झाली असती. आम्हाला बंद करायचं कुणाच्या मनातसुद्धा नव्हतं. आम्ही आहोत हेच कुणाला माहीत नव्हतं, आणि आम्ही गेलो हेही कुणाला कळलं नाही. शत्रूनं दार लावलं तर निदान त्याच्या नावानं बोटं मोडता येतात.

वहिनींनी भाच्याला फोन करून कुठला तरी वळसा घालून जायचा रस्ता विचारला. तोही चालला नाही. बुधवार गेला, गुरुवार गेला. माझ्याजवळ एका माणसाचा पत्ता नव्हता, नंबर नव्हता, नाव नव्हतं. वर्षभर ज्यांच्याशिवाय माझी संध्याकाळ सरली नाही त्यांची माझ्याकडं फक्त अक्षरं होती. माझे चाळीस मित्र होते आणि त्यातला एकही रस्त्यात भेटला असता तर मला ओळखू आला नसता.

एवढं मात्र सगळ्यांना माहीत होतं, की रविवार आणि पन्हाळा.

म्हणून मी रविवारी पहिल्या गाडीनं गडावर गेलो. पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात 'अडखळ' लिहून तो पिशवीत घातला होता. धुकं होतं, वारा अंगाला झोंबत होता. हॉलमध्ये जोतीरामनं खुर्च्या गोल मांडून ठेवल्या होत्या. मी त्याला चिठ्ठी देऊन सांगितलं की माणसं घेऊन येतो, आणि स्टँडवर जाऊन उभा राहिलो.

आता मला सांगा, गप्प बसलेला तोतरा ओळखायचा कसा? आंधळ्याजवळ काठी असते. आमचं व्यंग आम्ही तोंड उघडल्याशिवाय दिसत नाही, आणि ते दिसू नये म्हणून आम्ही तोंड उघडत नाही. गाड्या येत होत्या. सहलीची पोरं, नवी जोडपी, झुणका-भाकरीला आलेली कुटुंबं उतरत होती. मधेच एखादा एकटा माणूस उतरायचा, इकडंतिकडं बघायचा आणि धुक्यात निघून जायचा. प्रत्येकाच्या मागं जाऊन विचारावंसं वाटायचं. पण विचारायचं काय? "तुम्ही तोतरे का?" आणि नसला तर?

एकदा धीर करून पुठ्ठा बाहेर काढला. लगेच एक गृहस्थ बायकापोरांसकट पुढं आले. "हे लॉज का? खोली काय भावानं?" मी तोंड उघडलं, पण शब्द निघायच्या आत ते म्हणाले, "फुल्ल झालंय वाटतं," आणि मी मान हलवली. मग पुठ्ठा पिशवीत गेला तो गेलाच. बावड्याचं कुणी बघितलं असतं तर ही भीतीही होतीच, खोटं कशाला बोलू.

समोरच्या बाकावर एक माणूस बराच वेळ बसला होता. चौकड्यांचा शर्ट, मांडीवर काळी छत्री. तोही कुणाची तरी वाट बघत असावा. दुपारी तो उठून माझ्याजवळ आला. माझ्याकडं बघून त्यानं तोंड उघडलं. मी चटकन मनगट पुढं करून त्याला घड्याळ दाखवलं. त्यानं घड्याळाकडं बघितलं, मान हलवली आणि परत जाऊन बसला.

दिवस कलल्यावर मी हॉलवर गेलो. खुर्च्या तशाच गोल होत्या. जोतीरामनं चहाची किटली आणून ठेवली आणि म्हणाला, "न्हाय आली माणसं?" मी एका खुर्चीत बसून एक कप चहा प्यायलो. मग वाटलं, हॉल आपला आहे, कुणी नाही, आपण तरी नाव सांगून टाकावं. उभा राहिलो. आणि प्रसेनजीत हा शब्द घडाघडा तोंडातून बाहेर आला, रेडिओवरच्या माणसासारखा. रिकाम्या खोलीत आम्ही कधीच अडखळत नाही. मला इतकं एकटं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. मी खाली बसून रडलो.

पान पुन्हा उघडलं तेव्हा ऑक्टोबर लागला होता. कुणी माफी मागितली नाही, कुणी कारण दिलं नाही. वहिनींनीच "भाऊ, चालू झालं हो!" म्हणून दुकानाच्या दारातून हाक मारली. आत निरोपांची रांग लागली होती, आणि मी वाचता वाचता थंड पडत गेलो.

'क'बाई आल्या होत्या. गडाच्या 'तीन दरवाजा'पाशी दुपारपर्यंत थांबल्या. साताऱ्याचा एकजण तबक बागेत बसून होता. मिरजेचे दोघं वेगवेगळ्या गाडीनं आले आणि सज्जाकोठीवर एकमेकांच्या शेजारून फिरले. 'स' पुण्याहून आला होता. त्यानं तर प्रत्येक चहावाल्याकडं चहा घेतला, कुणी अडखळत चहा मागतंय का ते ऐकायला. पंधराएक माणसं त्या दिवशी गडावर होती. सभा भरली होती, फक्त कुणाला कळलं नव्हतं.

शेवटी 'ब'चा निरोप होता.

"मी स्टँडवर दिवसभर बसलो. समोर एक माणूस होता, हातात पिशवी, फार उदास. वाटलं हाच असेल. उठलो, त्याच्यापुढं गेलो. शब्द येईपर्यंत त्यानं मला घड्याळ दाखवलं. मला वेळ नको होता. पण मान हलवली. तुम्हाला माहीतच आहे."

मी खुर्चीत मागं टेकलो. जन्मभर जगानं माझ्या तोंडातला शब्द पळवला म्हणून मी चिडत आलो. आणि माझ्यापुढं माझाच माणूस येऊन उभा राहिला तर मी एक पळ थांबलो नाही. मीही त्याला त्याचा शब्द पुरवला, आणि तोही चुकीचा.

मी पानावर नियम मोडला. लिहिलं, "घड्याळवाला मी होतो. हे दार पुन्हा कधी बंद होईल सांगता येत नाही." आणि खाली घरचा फोन नंबर टाकला.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातून घरी आलो तर अव्वा तापलेली.

"सकाळधरनं कोण मेलं फोन करतंय आन बोलंना झालंय. उचलला की गप. नुसता श्वास. दोनदा ठेवला. तिसऱ्यांदा असल्या शिव्या हासडल्या, आता न्हाय करायचा परत."

मी तसाच, चपला न काढता, फोनजवळ स्टूल ओढून बसलो.

"जेवायचं न्हाय व्हय?" अव्वा म्हणाली. मी हातानं थांब म्हणालो.

बराच वेळ काही नाही. शिव्यांनंतर कोण करतंय, असं मला वाटायला लागलं. आणि फोन वाजला. मी उचलला. पलीकडं शांतता होती. पण ती कशाची शांतता आहे हे मला ओळखू येत होतं. मिटलेले ओठ, ताणलेला गळा, मधूनच निसटणारा श्वास. माझ्याच घशातली होती ती.

"त्योच न्हवं?" अव्वा आतून धावत आली. "आण हिकडं, बघतेच त्याला. ठेव की! ठेव म्हणते न्हवं?"

मी तिच्याकडं पाठ केली आणि रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी धरला. म्हणालो, "प्र..." आणि अडकलो. अव्वानं सवयीनं तोंड उघडलं. मी वळून तिच्याकडं बघितलं. माझ्या चेहऱ्यावर तिला काय दिसलं कोण जाणे, पण ती बोलली नाही. पदर तोंडाला लावून दारात उभी राहिली. पलीकडच्यानंही "हॅलो" म्हटलं नाही, ठेवला नाही. ओठ पुन्हा मिटले, पुन्हा सुटले, आणि कुणी उचलून न नेता माझं नाव हळूहळू शेवटापर्यंत गेलं.

मग पलीकडून आलं, "ब..."

अव्वानं भाकरी थापल्या, ताट वाढलं, झाकून ठेवलं. मी अजून फोन धरून बसलो होतो. त्याचं नाव यायचं होतं. मला काही घाई नव्हती.